मेंबरच्या नवऱ्यानं पाहिलेला समुद्र

वडवणीकडच्या एका गावात बद्रीनाथला लहानथोर सगळे 'मेंबर' म्हणत. खरं तर तो ग्रामपंचायतीला कधी उभाच राहिला नव्हता. निवडून आली होती त्याची बायको वनमाला, राखीव जागेवर. पण बैठकीत खुर्चीवर बसायचा बद्रीनाथ, कडक इस्त्रीचा सदरा बद्रीनाथचा, आणि वनमालाच्या वाट्याला तेवढी सही. गल्लीतून कुणी 'मेंबर!' अशी हाक मारली की हा मिशीवरून हात फिरवत ओट्यावर यायचा आणि आत ओरडायचा, "चहा टाका!" लोकशाही त्या घरात अशी गुण्यागोविंदानं नांदत होती.

अशात जुन्या उपसरपंचानं राजीनामा दिला. गावचे पुढारी भगवानराव यांना त्या जागी आपला पुतण्या रविराज बसवायचा होता. नऊ मतांतलं एकही फुटू नये म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणं सहल काढली. दिवसा सह्याद्रीतल्या डोंगरावरच्या मठात बेलभंडारा उचलायचा, संध्याकाळी समुद्र. गाडीत नऊजण मोजून बसवले: चार पुरुष सदस्य आणि पाच सदस्यांचे नवरे.

निघताना वनमालानं विचारलं, "मी बी येऊ का? समुद्र कदी बघितला न्हाई."

"समुद्रावर बायांचं काय काम?" असं म्हणत बद्रीनाथनं तिनं केलेल्या दशम्यांची पिशवी उचलली.

मठाच्या पायऱ्या चढताना मंडळी मेटाकुटीला आली. वरच्या म्हाताऱ्या महाराजांनी पिंडीवरचा बेल हातात देताना विचारलं, "मत टाकणारे हेच ना?"

"हेच, म्हाराज. बाया काय, सहीपुरत्या हायत," भगवानराव म्हणाले.

महाराजांनी मान हलवली आणि घंटा वाजवली. मत फुटलं तर घरादाराचं वाटोळं होईल, अशी शपथ बद्रीनाथनं डोळे मिटून घेतली. आपल्या मतावर गाव चालतं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी तो विजार दुमडून समुद्रात उभा राहिला. माजलगावच्या धरणापेक्षा जास्त पाणी त्यानं कधी पाहिलं नव्हतं. इथं तर पलीकडचा काठच नाही! त्याला एकदम गलबलून आलं. वनमालाला आणायला हवं होतं राव. मग त्यानं त्यावर स्वस्तातला तोडगा काढला, व्हिडिओ कॉल लावला.

"बघ, समुद्र!"

"लई मोठा हाय वो," वनमाला म्हणाली आणि बघतच राहिली. तिच्यामागं ओसरीवर चार बाया बसल्या होत्या. चौघीही पंचायतीच्या सदस्या.

"ह्या कावून जमल्यात?"

"पापड लाटायला."

पोळपाट काही कुठं दिसत नव्हता. पण तेवढ्यात लाट आली आणि बद्रीनाथ फोन सांभाळायच्या नादाला लागला.

निवडीच्या दिवशी गुप्त मतदान झालं. निवड घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी नवऱ्यांना नियमानं दाराबाहेर बसवलं. निकाल लागला: रविराज चार, वनमाला पाच.

भगवानरावांनी बद्रीनाथची गचांडी धरली. "बेल उचलला व्हता ना बे?"

"उचलला की! पण चिठ्ठी मी कुठं टाकली?" बद्रीनाथ रडकुंडीला येऊन म्हणाला. पंचायतीत आपण आजवर एकही चिठ्ठी टाकलेली नाही, हे त्याला तिथंच, दाराबाहेर सगळ्यांसमोर, पहिल्यांदा उमगलं.

घरी आला तर वनमाला पिशवी भरत होती. "उद्या आमी पाचजणी निघालोत. आदी मठ, सांजच्याला समुद्र."

"मी बी येऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

"समुद्रावर मेंबरच्या नवऱ्याचं काय काम?"

इतक्यात गल्लीतून हाक आली, "मेंबर!" बद्रीनाथचा हात सवयीनं मिशीकडं गेला. वनमाला पदर सावरत त्याच्या शेजारून ओट्यावर गेली. बाहेर कुणीतरी तिचं अभिनंदन करत होतं. मग बद्रीनाथनं आत जाऊन चहा टाकला.