पेढ्यांवरच्या मुंग्या

माझ्या यंदाच्या तपासणीत काही निघालं नाही म्हणून नणंदेनं पेढे आणले. संध्याकाळी बघते तर मुंग्यांची बारीक रांग थेट खोक्यात शिरलेली. कधी आल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझा स्तनाचा कॅन्सर असाच होता. हाताला गाठ लागलीच नाही. पेशी एकामागोमाग एक पसरत राहिल्या आणि मॅमोग्राफीचा रिपोर्ट चांगलाच येत राहिला. तेव्हापासून चांगल्या रिपोर्टचीच मला धास्ती वाटते. पण हौसेनं पेढे आणणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं?

"टाकून देऊ का हे?" मी विचारलं.

"वेडी का तू! झटक आणि खा," नणंद म्हणाली. "एखादी मुंगी पोटात गेली तर नजर तेज होते."

मला हसू आलं. पेढा मी जरा कमीच झटकला.