उंबरठ्यापासून खाटेपर्यंत

विमानतळावर त्याला सगळे वजनकाटा म्हणत. बॅग नुसती उचलून तो किलो सांगायचा. नंतर काट्यावर ठेवली तरी फरक अर्ध्या किलोचाही नसे. एकतीस वर्षं त्याने विमानांची पोटं भरली, पण स्वतः विमानात बसला तो निवृत्तीनंतर, मोठ्या बहिणीसाठी. आई गेल्यावर तिनेच त्याला कडेवर वागवलं होतं.

भाच्याचा फोन आला. "मामा, आई तुमचं नाव घेतेय. डॉक्टर म्हणतात एक दिवस, फार तर दीड. सात हजार किलोमीटर म्हणजे साडेनऊ तास. निघा."

"साडेनऊ तास हवेतले झाले. मधे विमान बदलायचंय. आमच्या उंबरठ्यापासून ताईच्या खाटेपर्यंत बावीस तास. तिला सांग, बावीस."

ताई हसली म्हणे. "त्याचा काटा चुकत नाही," म्हणाली.

मधल्या विमानतळावर तो गेटपासून पन्नास पावलांवर काचेशी उभा राहिला. खाली दोघे जण विमानात बॅगा चढवत होते, गुडघे ताठ ठेवून, कंबरेतून वाकून. त्याला बघवेना. "गुडघ्यातून उचल, बाबा. पन्नाशीत कळेल." त्याला आयुष्यभर एकच ठाऊक होतं: मालाचं दार लागल्याशिवाय विमान हलत नाही. ते अजून उघडं होतं. मग घाई कसली? इंजिनांनी कान अर्धे खाल्लेले. माणसांना बोलावणं चाललं होतं, ते त्याला ऐकूच आलं नाही.

मग खालचे दोघे थांबले. एकाने कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. रचलेल्या बॅगा ते परत बाहेर काढू लागले. माणूस चढला नाही की त्याची बॅग उतरवायची. एका बॅगेपायी सगळं उपसायचं. या कामाला वजनकाट्याने एकतीस वर्षं शिव्या दिल्या होत्या.

"कोण हा शहाणा?" तो पुटपुटला. "दोघांची कंबर मोडली."

शेवटी बॅग निघाली. तपकिरी, कुलूप तुटलेली, निळ्या दोरीने दोनदा आवळलेली. गाठ त्याचीच होती.

पन्नास पावलं तो धावला. गेट बंद होतं.

"आजोबा, तीनदा नाव पुकारलं," तिथली मुलगी म्हणाली. पुढचं विमान अकरा तासांनी होतं.

अकरा तास तो गेटला लागून उभा राहिला. बसला नाही. फोन हातात होता. लावायला तोंड नव्हतं.

तो पोचला तेव्हा भाचा दारातच उभा होता.

"पाच तास झाले जाऊन. सारखी विचारत होती, बावीस झाले का. विमान लेट झालं का, मामा?"

हो म्हणणं सोपं होतं. भाचा तेच ऐकायला उभा होता.

"विमान वेळेवर सुटलं," वजनकाटा म्हणाला. "मी त्यात नव्हतो. चूक माझी."

भाच्याने बॅग घ्यायला हात पुढे केला. त्याने ती दिली नाही.