गच्चीवर काय आहे?

युर्गन काल गेला आणि मला अजून त्याच्यावर चिडायचं आहे.

जर्मनीत, एर्लांगेनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. वयाने माझ्या बाबांहून मोठा, पण "नुसतं युर्गन म्हण" हा त्याचा हट्ट, म्हणून अरे-तुरे.

तरुणपणी तो एका फंक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. तेव्हा इथे अमेरिकन सैनिकांची छावणी होती. त्यातले काही सैनिक आणि गावातली ही पोरं, असा बँड.

त्यांनी एकच एलपी काढली. आता फंकवेडे लोक तिला क्लासिक म्हणतात.

अख्ख्या रेकॉर्डची एकच गोष्ट. एक लिफ्टमन. प्रत्येक गाणं म्हणजे एक मजला. दार उघडतं, नवीन माणूस आत येतो.

शेवटचं गाणं गच्चीचं.

आणि त्यात कुणी गातच नाही. नुसतं म्युझिक.

अरे, मग गच्चीवर आहे काय?

मी चोंबडी आहे, सगळ्यांना माहीत आहे. नवरा म्हणायचा, अगं, तुला काय करायचंय? पण युर्गन जिन्यात भेटला की मी तेच विचारायचे. तो हसून कचऱ्याच्या डब्यांचा विषय काढायचा.

या हिवाळ्यात आजारी पडला, तेव्हा हॉस्पिटलमध्ये एकदाचा बोलला.

"मलाच माहीत नाही. शब्द कॅल्विन लिहिणार होता, आमचा गायक, सैन्यातला. त्याची बदली झाली. आम्ही त्याची जागा सोडून वाजवलं."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं माझ्यासारखाच लटकलेला! आधी सांगायला काय झालं होतं?

मग काय, लागले कामाला. जुन्या फंकवाल्यांच्या ग्रुपवर विचारत विचारत कॅल्विन सापडला. अटलांटात.

व्हिडिओ कॉलवर दोघं आधी एकमेकांचं टक्कल बघून हसत बसले. मग युर्गनने विचारलं. कॅल्विन म्हणाला, तेव्हा काही सुचलंच नव्हतं. आता लिहितो.

पुढच्या आठवड्यात त्याने गाऊन पाठवलं. गच्चीवर लिफ्टमनची बायको कपडे वाळत घालतेय. ती विचारते, आज एवढा उशीर?

मी ढसाढसा रडले.

युर्गनने हेडफोन काढला. "हं... शब्द फार झाले."

मग दोघं मेसेजवर जे भांडले! टायपिस्ट मी. त्याला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

परवा त्याने मला एक मेसेज टाइप करायला सांगितला. "दुसरं कडवं काढ. बाकी ठीक."

काल मी कॅल्विनला कळवलं, युर्गन गेला.



त्याचं उत्तर एवढंच आलं.

"दुसरं कडवं काढलं."

नीट जा रे, युर्गन. मनापासून श्रद्धांजली.