मनालीच्या मशीनवरचा जुना कंपायलर

माजिवड्याच्या ऑफिसात संदेश दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता: सगळ्यांच्या मशीनवर सॉफ्टवेअर बसवणारी त्याची स्क्रिप्ट आणि कुणाचीही हुबेहूब नक्कल. कोड मशीनच्या भाषेत बदलणारा नवा कंपायलर आला तेव्हा त्याने स्क्रिप्टमध्ये फक्त आवृत्तीचा आकडा बदलला. सगळीकडे हिरवी टिक उमटली.

टीममधली मनाली डोंबिवलीजवळच्या आगरी गावातली. "अरे संदेश, मना त जुनाच दिसतंय," ती आपल्या मशीनकडे बघत म्हणाली.

जेवताना संदेशने तोच हेल काढला. "मना त जुनाच दिसतंय रं! मॅडम, चष्मा बदला!" टेबल खो खो हसलं. मनालीने अर्धा डबा तसाच बंद केला.

मग प्रोग्राम जुन्याच कंपायलरवर बनल्याची ग्राहकाची तक्रार आली आणि संदेशने नवं पॅकेज पहिल्यांदाच नीट उघडलं. पूर्वी सगळं एकाच फोल्डरात यायचं. आता कंपायलर वेगळा, लायब्ररी वेगळ्या, जागाही नव्या. जुन्या जागी काही सापडलं नाही, की त्याची स्क्रिप्ट गुपचूप आधीचाच कंपायलर धरायची आणि वर टिक मारायची. त्याचे कान तापले. स्क्रिप्ट दुपारपर्यंत सुधारली; डबा घेऊन टेबलाशी जायला मात्र पाय उचलेना.

शेवटी तो टेबलाशी जाऊन उभा राहिला. "मनाली बरोबर होती. चूक माझी होती." पण आवाज भलताच निघाला.

"भारी!" टेबलावरचा विनीत टाळी वाजवत म्हणाला. "ही नक्कल कुणाची रे?"

पुन्हा सगळे हसले. संदेशची मान खाली गेली. फक्त मनाली हसली नाही. तिने शेजारची खुर्ची पायाने सरकवली.

"बस," ती म्हणाली. "आन् परत सांग. मना ऐकू नाय आला."