मीटरवाल्या काकांचे मतदार

मेलेल्या माणसांकडे मत मागायला जाणारा उमेदवार अख्ख्या पनवेलात एकच झाला, आणि तो नेमका माझ्याविरुद्ध उभा राहिला. दुसरा कोणी असता तर मी त्याला दोन दिवसांत बसवला असता. आईच्या भाजीच्या पाटीशेजारी वाढून चार डंपरांचा मालक झालोय मी. घासाघीस रक्तातच आहे. पण आमचे मीटरवाले काका कशालाच बधले नाहीत, आणि तो राग अजून गेलेला नाही.

काकांची उभी हयात घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली. निवृत्तीनंतरही कोणाच्या घरी गेले की आधी मीटरकडे बघत, मग माणसांकडे. कुलूप लावलेल्या घरापुढे तर हटकून थांबत. "मेन स्विच बंद आहे आणि चक्री फिरतेय," ते कुजबुजत, "म्हणजे आत कोणीतरी बसलंय." एका वारलेल्या शिंप्याच्या खोलीपुढे त्यांनी मला असंच थांबवलं होतं. मी हसलो खरा, पण पुढे महिनाभर त्या गल्लीतून गेलो नाही.

गेल्या महापालिका निवडणुकीत त्यांनी अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मिळणार होतं कपबशी. माघारीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ज्येष्ठांच्या कट्ट्याला तुमचं नाव देतो म्हटलं, वाचनालयाचं अध्यक्षपद देऊ केलं. काका म्हणाले, "शेठ, मी बसलो तर माझ्या मतदारांनी कोणाकडे बघायचं?" कोण मतदार, म्हणून विचारलं तर त्यांनी मतदारयादी पुढे केली. तेहतीस नावांपुढे पेन्सिलीची फुली. सगळी वारलेली माणसं. नाव कमी करायचा अर्ज घरच्यांनीच दिलेला नव्हता. "यांच्या दारात कोणी उमेदवार जात नाही. मागणं एकच आहे बिचाऱ्यांचं. स्मशानाच्या वळणावर दिवा नाही, ठेचकाळतात."

"काका, मेलेला माणूस खांद्यावरून जातो!"

"जाताना खांद्यावरून," काका म्हणाले. "परत येताना चालतच यावं लागतं ना."

मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला आणि निघून आलो. फुली मारलेल्या नावांत माझ्या आईचंही नाव होतं. अर्ज मीही दिला नव्हता. का, ते विचारू नका.

मग त्यांचा प्रचार सुरू झाला. चिन्हाचा मान म्हणून प्रत्येक घरी दोन कप चहा मागायचे. एक स्वतःला, दुसरा भिंतीवरच्या फोटोपुढे. मतदार-चिठ्ठी हाराच्या मागे खोचायची आणि वळणावरच्या दिव्याचं वचन द्यायचं. आधी लोक हसले, आठवड्याभरात बायका न सांगता दोन कप आणू लागल्या. एका दुपारी स्वारी थेट माझ्या घरी! "तुम्ही विरोधक असलात तरी मतदार तुमच्या घरात आहे, नाइलाज आहे," म्हणाले. बायकोने चहा ठेवला. काकांनी आईच्या फोटोला कान दिला, मान डोलावली आणि मला निरोप सांगितला, "मावशी म्हणतात, साखर कमी हाय. आनि एवढा कावू नको."

"निघा आधी!" मी ओरडलो. ते गेल्यावर आईपुढचा कप उचलायला गेलो, तर कप अर्धा, आणि उरलेला चहा बशीत. आई जन्मभर बशीतूनच प्यायची. काकांनीच ओतला असणार. मी मात्र समोरच उभा होतो आणि ओतताना पाहिलं नाही.

मी एकतीस मतांनी पडलो. काकांना तेहतीस मिळाली. मतमोजणीवरून तडक त्यांच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जागा गेली म्हणून चिडलात, की आईचं मत मला पडलं म्हणून?" त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. मागे कोणीच नव्हतं, तेव्हा खांदा मीही दिला. परतताना स्मशानाच्या वळणावर अंधारात अशी ठेच लागली की नख उखडलं. पुढच्या आठवड्यात मी स्वतः खांब रोवून घेतला आणि परवानगी काढून दिवा लावला.

यंदा मी पुन्हा उभा आहे. नव्या यादीत काकांचं नाव तसंच आहे. कमी करायला अर्ज देणार कोण? काल चिठ्ठी घेऊन त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप, मेन स्विच बंद. चक्री मात्र सावकाश फिरत होती.

मी चिठ्ठी दाराखालून आत सरकवली. "काका, वळणावर दिवा लागलाय," मी म्हणालो. "मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त आईला विचारून ठेवा, साखर आता पुरते का."