इन्चार्ज सिस्टरचा संघ

कॉम्प्युटरवरच्या फुटबॉल गेममध्ये करिअर मोड नावाचा एक प्रकार असतो. त्यात आपण एका क्लबचे मॅनेजर होतो. नुसते सामने खेळून भागत नाही. कुणाला संघात घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं, हे हंगामामागून हंगाम बघावं लागतं. माझा क्लब इंग्लंडमधल्या चौथ्या, म्हणजे गेममधल्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनचा होता. मॅनेजर म्हणून नाव माझं होतं. पण तो क्लब वर नेला माझ्या आईनं, पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, दिवाणावर पाय लांब करून बसून.

मी तेव्हा औरंगपुऱ्यात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम करायचे. शहर चारी बाजूंनी वाढत होतं. लहानपणी जिथं मी ज्वारी उभी पाहिली होती, तिथल्या रो-हाउसचे जिने आणि मोऱ्या मी कागदावर आखत होते. मग सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. बांधकामाला पाणी मिळेना, साइटी थांबल्या. सरांनी सांगितलं, दुपारी एकनंतर घरी गेलात तरी चालेल. घरी नकाशे काढता यावेत म्हणून मी चांगला कॉम्प्युटर घेतलेला होता. ऑफिसातल्या एकानं त्यावर हा गेम टाकून दिला.

घरात आम्ही दोघीच. वडील मी दहावीत असताना गेले. आई दवाखान्यातून इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झालेली. त्या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला बसून राहावं लागलं. बसून राहणं तिला ठाऊकच नव्हतं. नळाचा नेम नव्हता, आणि गल्लीत टँकर आला की लोकांना रांगेत उभं करायचं काम आधी तीच करायची. आता टँकरचा हॉर्न ऐकून ती दिवाणावर चुळबुळायची. मी हंडे भरून आले की पहिला प्रश्न, "कोपऱ्यावरच्या आजींना मिळालं का?"

एका दुपारी मी लागोपाठ पाचवा सामना हरले.

"तो सात नंबर पळंना का गं?" आईनं विचारलं. ती बघत होती हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"दमलाय. नावापुढची ही पट्टी बघ, लाल झालीय. हिरवी असली म्हणजे ताजा."

"मग उतरवला कशाला त्याला?"

"आपल्याकडं तोच सगळ्यात चांगला आहे."

"एखादी सिस्टर लई चांगली असली म्हणून तिलाच सलग पाच नाइट लावायच्या व्हय? सहाव्या रात्री ती चुकीचं इंजेक्शन देईल."

मला हसू आलं, पण आई हसली नाही. मी ऑफिसातून आणलेला एक रद्द झालेला नकाशा तिनं मागितला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारायला लागली. तीस वर्षं तिनं वॉर्डाचा ड्युटी चार्ट असाच केला होता. डाव्या बाजूला खेळाडूंचे नंबर, वरच्या बाजूला सामने. खेळाडूंची नावं तिच्या जिभेवर बसेनात, आणि तिचं काही अडतही नव्हतं. पेशंटसुद्धा ती बेड नंबरावरूनच लक्षात ठेवायची. सलग दोन सामने झाले की तिसऱ्याला ऑफ. दुखापतीतून उठलेल्याला पहिले दोन आठवडे अर्धी ड्युटी.

"असं आलटून पालटून खेळवायला आपल्याकडं तेवढे चांगले खेळाडू नाहीत," मी म्हणाले.

"खेळवल्याशिवाय चांगले कसे होतील? मी पण पहिल्या दिवशी थर्मामीटर फोडलं होतं."

चार्ट लावल्यावर पहिले तीन सामने आम्ही हरलो. चौथ्यापासून जिंकायला लागलो. पण मला जिंकायची घाई होती, आणि एक खोड लागलेली होती. सामना हरले की सेव्ह न करता गेम बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि तोच सामना जिंकेपर्यंत खेळायचा. एकदा आईनं ते धरलं.

"आत्ता तर आपण हरलो होतो."

"सेव्ह केलं नव्हतं मी. परत खेळतेय."

"म्हणजे खोडाखोड."

"आई, गेम आहे हा."

"असू दे. हरलेलं पण लिहायचं. नाय तर आपण कुठं कमी पडलो ते कळायचं कसं?"

मी रागानं कॉम्प्युटर बंद केला. दोन दिवस तो उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी आईनंच चार्ट पुढं केला आणि विचारलं, "अकरा नंबरचा पाय बरा झाला का?" तेव्हापासून मी प्रत्येक निकाल जसा आला तसा ठेवायला लागले.

हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा आम्ही चौथे होतो. पहिले तीन क्लब थेट वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होते, म्हणून जिंकणं भाग होतं. दोन-एक असा जिंकलो. आईनं दिवाणावरून हात पुढं करून मला टाळी दिली. आणि सेव्ह करायच्या आत लाइट गेली.

दोन तासांनी लाइट आली. गेमच्या लेखी तो सामना झालाच नव्हता.

"हा तर आपण जिंकलो होतो," मी म्हणाले.

"व्हय. मी बघितलंय. पण आता खेळावाच लागतोय तर खेळ."

तोच संघ, तोच विरोधी क्लब. यावेळी एक-एक अशी बरोबरी झाली. माझा हात माउसवर होता. बाहेर पडून पुन्हा खेळायला एक मिनिट लागलं नसतं, आणि या खेपेला माझ्या बाजूनं कारणही होतं.  आईनं माझ्याकडं बघितलंही नाही, ती चष्मा पदरानं पुसत बसली. मी सेव्ह केलं. आम्ही चौथेच राहिलो. चौथ्याला वर जायला आणखी सामने खेळून जिंकावे लागतात, त्यात पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. मोरीत जाऊन मी थोडी रडले, सव्विसाव्या वर्षी, एका गेमसाठी. पण पुढं मिळालेल्या कुठल्याही कपापेक्षा मला त्या दुपारचा अभिमान जास्त आहे.

पुढच्या हंगामात आम्ही पहिले आलो. शेवटच्या टप्प्यात बाकीच्या क्लबांचे खेळाडू दुखापतींनी बसले होते आणि आमच्या सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्या होत्या. लागोपाठ सहा सामने जिंकलो.

त्याच सुमारास आईच्या हाताखाली काम केलेल्या तीन सिस्टर तिला भेटायला आल्या. चहा होईपर्यंत गुडघ्याची चौकशी झाली, मग एकीची नजर भिंतीवर लावलेल्या आमच्या चार्टवर गेली.

"मॅडम, हा कुठला वॉर्ड?"

"वॉर्ड नाय. फुटबॉलची टीम हाय माझी," आई म्हणाली. "नुकतेच वर गेलो आम्ही."

त्यांना आधी चेष्टा वाटली. मी गेम लावून दाखवला. आई पट्ट्यांचे रंग समजावून सांगत होती, आणि आवाज अगदी वॉर्डातला होता. त्यांतली एक आता स्वतः इन्चार्ज होती. तिनं निघताना चार्टचा फोटो काढून घेतला. काही दिवसांनी तिचा फोन आला. सलग दोन नाइटनंतर ऑफ, अशी पद्धत तिनं आपल्या वॉर्डात सुरू केली होती आणि मुली खूश होत्या. आई फोनवर एवढंच म्हणाली, "आजारी रजेवरून आलेलीला हळू घे." फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ती चार्टकडं बघत बसली होती.

पुढं पाऊस बरा झाला, साइटी सुरू झाल्या, आणि मला ऑफिसात संध्याकाळ व्हायला लागली. आई चालायला लागली, गल्लीत तिचा आवाज परत ऐकू यायला लागला. आमचा क्लब मग रविवारच्या सकाळपुरता उरला, पण थांबला नाही. पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचायला गेममधले नऊ हंगाम लागले. ऑफिसातला तो गेम देणारा मुलगा सुरुवातीपासूनच मोठा क्लब घेऊन खेळत होता, आणि त्याच्याकडं एकाहून एक नावाजलेले खेळाडू होते. त्यानं मला विचारलं, "तुझ्याकडं कोण आहे?"

मी म्हणाले, "माझ्याकडं आई आहे."

वरच्या डिव्हिजनमधला पहिला सामना आम्ही तीन-शून्य हरलो. आईनं चार्टवर तो आकडा निळ्या पेनानं नीट लिहिला आणि बघितलं, कोण किती दमलंय. त्या हंगामाच्या शेवटी आम्ही चौदावे आलो. वीस क्लबांत चौदावे. मी गेममधला क्रमवारीचा तक्ता ऑफिसच्या प्रिंटरवर मोठ्या कागदावर छापून आणला, आणि आईनं तो हॉलमध्ये घड्याळाखाली लावला.