भवानी होईपर्यंत

धाकट्या नातीने भर बाजारात शिवी दिली तेव्हा माझी भवानी व्हायची होती.

ज्यांनी कधी मासळी विकली नाही त्यांना यातलं संकट कळणार नाही, म्हणून सांगते. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती होईपर्यंत आमच्या बाजारात कुणी शिवी देत नाही. शेजारणीने पाटी आपल्या जागेत सरकवली, कुणी पायावर बर्फाचं पाणी सांडलं, गिऱ्हाईक प्रत्येक पापलेट दाबून बघून तसंच निघून गेलं, तरी गप्प बसायचं. तोंड वाईट उघडलं तर दिवस वाईट जातो. एकदा भवानी झाली की मग ज्याचं त्याचं नशीब. आमच्या तोंडाला अर्धी अंधेरी घाबरते, पण ती भवानीनंतर.

त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून पोर माझ्याबरोबर आली होती. पाच वर्षांची आहे. मी बोंबील लावत होते. तिने रिकामा टब पालथा घातला आणि त्याच्यावर ताल धरून गायला लागली. ताल बापाचा घेतलाय, एकदम पक्का. बायका कौतुकाने माना हलवायला लागल्या, तेवढ्यात शब्द ऐकू आले. त्यात कुणाची तरी आई होती आणि एक गाढव होतं. पुढचं मी लिहीत नाही.

सगळी रांग थिजली. माझ्या डाव्या हाताला जी बसते, जिच्याशी मी इतकी वर्षं रोज भांडते, ती कोलंबी हातात धरून तशीच राहिली.

“काय गो, हे काय शिकवलंस पोरीला? माझी अजून भवानी व्हायचीय!”

“मी नाही शिकवलं.”

“मग काय बालवाडीत शिकवतात?”

“पप्पांनी शिकवलं,” पोर म्हणाली. “ग्राउंडवर सगळे म्हणतात. मोठे मोठे काका पण म्हणतात. ताईची मॅच असते ना, तेव्हा.”

दुपार होईपर्यंत आमच्या रांगेत कुणाचीच भवानी झाली नाही. शेजारीण दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. तिला बोलताच येत नव्हतं, भवानी कुठे झाली होती? मी तिला ओळखते. ते सगळं तिने साठवून ठेवलं आणि पहिली कोलंबी विकल्याबरोबर मला व्याजासकट दिलं.

संध्याकाळी मुलाला धरलं. तो विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे आणि हळदीला, लग्नाला ढोल वाजवतो. त्याची थोरली पोर तेरा वर्षांची. फुटबॉलमध्ये गोली आहे, म्हणजे जाळीसमोर उभी राहून बॉल अडवते. उड्या मारून मारून तिने दोन्ही कोपरं सोलून घेतलीत. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाला उडी मारल्याबद्दल कप मिळालाय, म्हणून बापाला फार अभिमान. दर मॅचला ढोल घेऊन जातो. त्याच्या मागे आमच्या कोळीवाड्यातली वीसेक माणसं जातात.

“धाकटीने आज बाजारात गाणं म्हटलं,” मी म्हटलं. “गाढवाचं.”

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. “अगं आये, ते वातावरण असतं. कुणी मनावर घेत नाही.”

“रेफरीने घेतलं,” थोरली म्हणाली. ती ताटावर बसली होती आणि तिने तळलेल्या बोंबलाला हात लावला नव्हता. हे आजारपणाचं लक्षण, म्हणून मी नीट ऐकलं. “आजी, रेफरीने खेळाच्या सरांना सांगितलंय. पुन्हा आपल्या बाजूने शिवी ऐकू आली तर टीम बाद. पुढच्या मॅचमध्ये नुसती बरोबरी झाली तरी आम्ही सेमीफायनलला जातो. पण पप्पा ओरडले तर घरी.”

“मी एकटा ओरडतो काय?”

“तुम्ही सुरू करता. मागच्या मॅचला दुसऱ्या टीमची गोली रडली, पप्पा. तिची आई तिथे समोर खुर्चीवर बसली होती.”

मुलगा जरा वरमला. पण असं वरमलेला पुरुष गप्प बसत नाही, दुसऱ्याचं काढतो. “ते लोक काय कमी आहेत? मागे म्हणाले, तुमच्या गोलीला मासळीचा वास येतो.”

“येतोच,” मी म्हटलं. “त्यात खोटं काय?”

थोरली खुदकन हसली. पण बोंबील तसाच राहिला.

“आजी, तू ये ना मॅचला,” ती म्हणाली. “तुला घाबरतात सगळे.”

“माझं तोंड मी धरीन,” मुलगा म्हणाला, “पण बाकीच्यांचं? बॉल बाहेर गेला की आपोआप निघतं, आये. कळतच नाही कधी निघालं.”

यात तो खोटं बोलत नव्हता. मी चौथीपर्यंत शिकले. त्या चार वर्षांत गुरुजींनी चांगलं बोला, चांगलं वागा असं रोज सांगितलं आणि वर्गातलं एकही पोर त्यामुळे सुधारलेलं मी पाहिलं नाही. मुलांसमोर आपलं वागणं नीट ठेवा, हे तर सरांनी या लोकांना आधीच सांगून झालं होतं. त्यांनी माना हलवल्या होत्या आणि मग ढोल वाजवला होता. पण अपशकुन होईल म्हटलं की हीच माणसं मांजरासारखी पाय उचलून चालतात. सगळ्यांच्या आया बाजारात बसतात. भवानी काय असते ते त्यांना शाळेच्या आधीपासून माहीत.

रविवारी मी गेले. शेजारीणही आली. म्हणाली, तुझ्या घरचं नुकसान झालं तर मला बघायचंय.

मैदानाच्या एका बाजूला दोरी बांधली होती. दोरीच्या आत पोरी, बाहेर आम्ही. पलीकडे मुलुंडच्या पोरींची माणसं छत्र्या लावून बसली होती. आमची माणसं उभी, मध्ये ढोल. धाकटी बापाच्या खांद्यावर. मी खुर्चीवर उभी राहिले. गुडघ्याला आवडलं नाही, पण खाली उभी राहिले असते तर कुणाला दिसले नसते.

“ऐका रे,” मी म्हटलं. “आपल्या पोरींची आज भवानी व्हायचीय. पहिला गोल म्हणजे भवानी. तोपर्यंत कुणी घाण तोंड उघडलं आणि पोरी हरल्या, तर ते कुणामुळे हे मी घरोघर जाऊन सांगीन.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विरोध करायला कुणी धजेना. मग एक मिशीवाला, माझ्याच गल्लीतला, चड्डीत होता तेव्हापासून ओळखते त्याला, म्हणाला, “आजी, त्यांनी गोल केला तर?”

“ती त्यांची भवानी. आपली नाही.”

“म्हणजे ते शिव्या देऊ शकतात आणि आपण नाही?”

“त्यांचा बाजार वेगळा.”

“आणि आपला गोल झाला की?”

“मग तुझं तुझं बघ.”

हे बोलायला नको होतं. पण भवानीचा नियम तोच आहे. अर्धा नियम सांगितला असता तर कुणी मानला नसता.

शिट्टी वाजली. मला फुटबॉल कळत नाही. बावीस पोरी एका बॉलच्या मागे पळतात आणि तो मिळाला की लगेच लाथ मारून दुसरीकडे घालवतात. पण माणसं कळतात, म्हणून मी आमच्या माणसांकडे तोंड करून बसले. पहिल्यांदा बॉल बाहेर गेला तेव्हा वीस तोंडं उघडली आणि वीस तोंडं मिटली. मिशीवाल्याला ठसका लागला. एकाने स्वतःच्या मनगटाला चावलं. मुलाने जो शब्द गिळला तो मला त्याच्या गळ्यातून खाली जाताना दिसला.

पण तोंड नुसतं बंद ठेवून माणूस किती वेळ राहणार? थोड्या वेळाने मुलुंडच्या एका पोरीने बॉल जोरात मारला आणि तो आमच्या जाळीच्या वरून थेट झाडात गेला. तेव्हा शेजारीण उठली. कमरेवर हात ठेवले. बाजारात भवानीच्या आधी भांडायची वेळ आलीच तर आम्ही एकमेकींच्या मालावर घसरतो, माणसावर नाही. ती तेच करत होती.

“शिळा!” ती ओरडली. “शिळा माल! परत न्या!”

मग मुलाने ढोलावर काठी टाकली. शिळा माल, ढुम, परत न्या, ढुम ढुम. वीस माणसं असं काही ओरडायला लागली की झाडावरचे कावळे उडाले. दुसरा बॉल बाहेर गेला तेव्हा “बर्फ घाला!” झालं. आमच्याच एका पोरीने बॉल पायातून सोडला तेव्हा “तोलात मारलं!” झालं. माणसं जन्मभराचा बाजार बाहेर काढत होती.

रेफरी धावत आला. तरुण पोरगा, घामाघूम. “आजी, हे काय चाललंय? शिवी आहे का ही?”

“बॉलला बोलतोय रे बाबा. पोरींना नाही.”

“पण अर्थ काय?”

“ताजा नाही, एवढाच,” शेजारीण म्हणाली. “तुझ्या आईला विचार, तिला माहीत असेल.”

“आईला मध्ये आणू नका!” तो घाईने म्हणाला. त्याला वाटलं, सुरू झालं.

त्याने विचार केला, काही सापडलं नाही, परत गेला. मध्यंतरानंतर मुलुंडच्या छत्रीखालची माणसंही तेच ओरडायला लागली. आमच्या पोरीचा बॉल चुकला की पलीकडून “शिळा! परत न्या!” आमचे लोक भडकले. आमचा माल शिळा म्हणतात! मिशीवाला दोरी ओलांडायला निघाला. मी त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. म्हटलं, भवानी झाली का? तो म्हणाला, नाही. म्हटलं, मग बस खाली.

नातीने तीन-चार चांगले अडवले. एकदा तर आडवी पडून. मी बघितलं नाही असं दाखवलं, कारण मला लोकांवर लक्ष ठेवायचं होतं. धाकटी बापाच्या खांद्यावर “बर्फ घाला, बर्फ घाला” म्हणत पाय हलवत होती. गाढव कुठे दिसत नव्हतं.

आणि मग अगदी शेवटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. पलीकडच्या जाळीसमोर एकटी त्यांची गोली, आणि तिच्यासमोर आमची उंच पोर, बॉल ठेवून. मुलगा म्हणाला, हा गोल झालाच समज.

मी आमच्या माणसांकडे बघितलं. वीस छात्या फुगल्या होत्या. मिशीवाल्याचे डोळे चमकत होते. मुलाने काठी उचलून डोक्याच्या वर धरली होती. सगळ्या मॅचचं साठलेलं, शिवाय मागच्या मॅचचं, सगळं एकदम दारात येऊन उभं होतं. भवानी झाली की सुटणार. आणि रेफरी आमच्यापासून दहा पावलांवर. पोरी गोल करणार, बाप तोंड उघडणार, टीम घरी. आणि ती पोर पुन्हा ताटात बोंबील तसाच ठेवून बसणार.

आता थांबवून काही उपयोग नव्हता. नियम माझाच होता. मी मैदानाकडे वळून डोळे मिटले आणि एकवीरा आईला म्हटलं, हिचा पाय घसरू दे. फार नको, थोडासा.

बॉल लोखंडाला लागल्याचा आवाज आला. टण्. मग पलीकडून छत्र्यांखालून एका सुरात, “शिळा माल! परत न्या!” मग शिट्टी.

शून्य-शून्य. पोरी सेमीफायनलला गेल्या.

आमची माणसं तोंड उघडं ठेवून उभी होती. खूश होती, पण पोट फुगलेल्या माणसासारखी. मुलगा माझ्याजवळ आला. “आये, आता तरी एक देऊ? हळू. ग्राउंडच्या बाहेर जाऊन.”

“भवानी झाली का?”

“नाही.”

“मग माल घरी घेऊन चल.”

रिक्षात तो पुढे ड्रायव्हरच्या बाजूला ढोल मांडीवर घेऊन अर्धा बसला, अर्धा लोंबकळत. मागे मी, दोन्ही नाती, आणि वडापाव. थोरलीने पहिला दोन घासांत संपवला आणि धाकटीच्या हातातला अर्धा मोडून घेतला. खाऊ दे.

तिसरा वडापाव हातात घेऊन ती माझ्या कानाशी आली. “आजी, एक विचारू? पेनल्टी मारली तेव्हा तू डोळे मिटले होतेस.”

“तुला तिकडून दिसलं?”

“तू काय मागत होतीस?”

मी तिच्याकडे बघितलं. हिला खोटं सांगून चालत नाही, ती बॉल कुठे येणार ते आधी ओळखते.

“चुकू दे म्हटलं.”

“मी पण,” ती म्हणाली. “कुणाला सांगू नको हं. पायाची बोटं क्रॉस केली होती बुटात.”

“पुढच्या रविवारी काय करायचं?”

“पुढच्या रविवारी आम्हाला जिंकावं लागेल, आजी. गोल तर घालावाच लागेल.”

“काय कुजबुजताय मागे?” पुढून बाप म्हणाला.

“काही नाही,” मी म्हटलं. “ढोल नीट धर, पडेल.”